दहा सेकंदांचा काळोख

१० जून २००७, रविवार. रात्री दहा वाजून गेल्यावर अमेरिकेतल्या अनेक घरांत माणसे एकाच क्षणी जागेवरून उठली. कुणी रिमोटची बटणे दाबून पाहिली, कुणी टीव्हीमागच्या वायरी हलवल्या, कुणी केबल कंपनीला फोन लावला. ‘द सोप्रानोज’ या मालिकेचा शहाऐंशीवा आणि अखेरचा भाग संपत आला होता. न्यू जर्सीतला माफियाचा म्होरक्या टोनी सोप्रानो एका साध्या उपाहारगृहात बायको आणि मुलासह बसला आहे. मुलगी यायची आहे. दाराची घंटा किणकिणते, टोनी मान वर करतो आणि पडदा काळा होतो. मागे चाललेले गाणे ओळीच्या मध्येच तुटते. सुमारे दहा सेकंद ना चित्र, ना आवाज. मग श्रेयनामावली सरकू लागली, तीही संगीताविना. तेव्हा कुठे लोकांना उमगले की केबल शाबूत आहे. संपली आहे ती गोष्ट.

एचबीओ ही वेगळे पैसे भरून घ्यावी लागणारी वाहिनी. तरीही त्या रात्री हा भाग सुमारे १ कोटी १९ लाख लोकांनी पाहिला. पुढचे कित्येक दिवस वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर एकच प्रश्न घुमत राहिला : टोनी मेला की जगला? कुणाला आपण फसवले गेलो असे वाटले, तर कुणाला टीव्हीने इतका धीट शेवट कधी केलाच नव्हता असे वाटले. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या हिलरी क्लिंटन यांनी त्याच महिन्यात या प्रसंगाची नक्कल करणारी प्रचारफीत काढली. तीत त्या आणि बिल क्लिंटन अशाच एका उपाहारगृहात बसलेले दिसतात, टेबलावर कांद्याच्या भज्यांसारख्या ‘अनियन रिंग्ज’ऐवजी गाजराचे तुकडे येतात आणि शेवटी पडदा काळा होतो. एखाद्या शेवटाची नक्कल निवडणुकीच्या प्रचारात खपते, याचा अर्थ तो घराघरांत पोचलेला असतो.

मी ही मालिका बरीच उशिरा, शेवट आधीच ठाऊक असताना पाहिली. त्यामुळे तो धक्का माझ्या वाट्याला आला नाही. पण त्या बदल्यात शेवटाकडे जाणारी वाट सावकाश पाहता आली. टोनीचे काय झाले याविषयी माझे मत आहे आणि ते मी पुढे सांगणार आहे. मात्र मला अधिक कुतूहल आहे ते प्रेक्षकांच्या रागाचे. एका काल्पनिक खुन्याचा शेवट दिसला नाही, म्हणून लाखो सज्जन माणसे एवढी का चिडली? त्यांचे नेमके काय हिरावले गेले?

गुन्हेगारी कथेचा करार

आपल्याकडची कहाणी ‘सुफळ संपूर्ण’ म्हणून थांबते. ते शब्द कानी पडेपर्यंत ऐकणारा पाटावरून उठत नाही. गुन्हेगारी कथेतही असाच एक अलिखित करार असतो. कथाकार गुन्हा दाखवणार, आणि मागोमाग त्याची भरपाईही दाखवणार.

अमेरिकेत हा करार एके काळी चक्क लेखी होता. १९३० साली हॉलिवूडने स्वतःसाठी एक आचारसंहिता तयार केली आणि १९३४पासून ती कडकपणे राबवली. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला झुकता कामा नये, हे तिचे मूळ सूत्र. त्याआधीही दबाव होताच. १९३२च्या ‘स्कारफेस’साठी नायकाला रीतसर फाशी होते असा पर्यायी शेवट चित्रित करावा लागला होता. १९३१च्या ‘द पब्लिक एनिमी’मध्ये जेम्स कॅग्नीने रंगवलेला गुंड मारला जातो आणि पट्ट्यांत गुंडाळलेला त्याचा देह आईच्या दारातून घरात कोसळतो. ‘द सोप्रानोज’चा निर्माता डेव्हिड चेस याच्यावर लहानपणापासून या चित्रपटाची छाप होती. मालिकेच्या तिसऱ्या पर्वात आई वारल्यावर टोनी हाच चित्रपट पाहत बसतो आणि रडतो. म्हणजे गुंडाचा अंत कसा दाखवायचा हे चेसला पक्के माहीत होते. त्याने ते जाणूनबुजून टाळले.

टीव्हीवर हा करार पाळल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ‘द फ्युजिटिव्ह’चे. पत्नीच्या खुनाचा खोटा आळ आलेला डॉक्टर किंबल चार वर्षे खऱ्या खुन्याच्या, एका हाताच्या माणसाच्या, मागावर फिरतो. २९ ऑगस्ट १९६७ रोजी शेवटच्या भागात खुनी सापडतो आणि किंबल निर्दोष ठरतो. तो भाग सुमारे ७ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला असा अंदाज आहे. त्या वेळी चालू असलेल्या टीव्ही संचांपैकी ७२ टक्के संचांवर तोच लागला होता. एवढा मोठा समाज एका रात्री निकाल ऐकायला बसला, तो मिळाला आणि लोक शांतपणे झोपायला गेले. २००७च्या प्रेक्षकाच्या मनात शेवटाची जी कल्पना होती, तिची मुळे अशा रात्रींत आहेत.

आधीच्या सूचना

पण ‘द सोप्रानोज’ने हा करार शेवटच्या रात्री अचानक मोडला असे म्हणणे मालिकेवर अन्याय करणारे ठरेल. १० जानेवारी १९९९ रोजी ती सुरू झाली ती भोवळ येऊन पडलेला एक म्होरक्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दाराशी येतो तिथपासून. त्यानंतर दर काही भागांनी ती प्रेक्षकाला अर्धवटपणाची सवय लावत होती.

२००१मधल्या एका भागात टोनीचे दोन हस्तक एका रशियन माणसाला मारायला बर्फाळ जंगलात नेतात आणि तो निसटतो. तो जगला की थंडीने मेला, हे मालिकेने कधीच सांगितले नाही. ‘त्या रशियनचे काय झाले?’ असे लोक चेसला वर्षानुवर्षे विचारत राहिले.

त्याच वर्षीचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. टोनीच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेनिफर मेल्फी यांच्यावर बलात्कार होतो. गुन्हेगार सापडतो, पण पोलिसांच्या चुकीमुळे सुटतो. मेल्फींनी टोनीला एक शब्द सांगितला असता तर तो माणूस दुसऱ्या दिवशी उरला नसता. प्रेक्षक श्वास रोखून त्या शब्दाची वाट पाहतो. तुम्हाला काही सांगायचे आहे का, असे टोनी विचारतो. त्या ‘नाही’ म्हणतात. पडदा काळा होतो. हा नकार पुष्कळ प्रेक्षकांना आवडला नव्हता; सूड त्यांना हवा होता. सहा वर्षांनी येणाऱ्या शेवटाची ही जणू रंगीत तालीमच होती.

शेवटच्या प्रसंगाचे व्याकरण

आता तो प्रसंग. स्थळ ब्लूमफील्डमधले ‘हॉल्स्टेन्स’ हे खरेखुरे उपाहारगृह. टोळीयुद्ध नुकतेच संपले आहे. टोनीचा मेहुणा बॉबी मारला गेला आहे, उजवा हात असलेला सिल्व्हिओ बेशुद्धावस्थेत इस्पितळात आहे, आणि शत्रुपक्षाचा फिल लिओटार्डोही ठार झाला आहे. टोनी येऊन बसतो आणि टेबलावरच्या यंत्रातून ‘जर्नी’ या बँडचे १९८१मधले एक लोकप्रिय गाणे लावतो. कार्मेला येते. मग मुलगा एजे येतो. त्याच्या पुढे एक अनोळखी माणूस आत शिरलेला असतो. त्याच्या अंगात ‘मेंबर्स ओन्ली’ या छापाचे जाकीट. तो काउंटरवर बसतो, टोनीच्या टेबलाकडे नजर टाकतो आणि थोड्या वेळाने स्वच्छतागृहात जातो. बाहेर मेडोला गाडी नीट लावता येत नाही. ती पुढेमागे करत राहते. लिहून काढले तर यात काहीच घडत नाही. पाहताना मात्र घशाला कोरड पडते.

याचे कारण दृश्यांच्या जोडणीत आहे. दाराची घंटा वाजते, टोनी वर पाहतो, आणि पुढच्या दृश्यात आपल्याला दिसते ते टोनीला दिसणारे दार. हे पुन्हा पुन्हा होते, आणि आपला डोळा ही लय शिकतो. शेवटच्या खेपेला घंटा वाजते, टोनी वर पाहतो. आता त्याच्या नजरेतले दृश्य यायला हवे. त्या जागी काळोख येतो. व्याकरणाने वाचायचे तर टोनीला जे दिसते ते हेच.

या वाचनाला आधार देणारे धागे मालिकेत विखुरलेले आहेत. याच पर्वात तळ्यावर होडीत बसून बॉबी टोनीला म्हणतो की तो क्षण येतो तेव्हा बहुधा माणसाला काही ऐकूही येत नसेल. शेवटून दुसऱ्या भागाच्या अखेरीस टोनीला हे संभाषण मुद्दाम आठवते. दुसऱ्या एका भागात सिल्व्हिओच्या शेजारी बसलेल्या माणसाला जेवणाच्या टेबलावरच गोळी घातली जाते, तेव्हा आवाज नाहीसा होतो आणि काय घडले हे सिल्व्हिओला आधी रक्तावरून कळते. सहाव्या पर्वाच्या पहिल्या भागाचे नावच ‘मेंबर्स ओन्ली’ आहे आणि त्यात टोनीला गोळी लागते. स्वच्छतागृहात जाणाऱ्या माणसाला पाहून ‘द गॉडफादर’मधला, तिथूनच पिस्तूल घेऊन येणारा मायकल कोणाला आठवणार नाही?

हे सारे जमेस धरून माझे मत असे की टोनी तिथे मरतो असेच ही मांडणी सुचवते. पण सुचवणे म्हणजे दाखवणे नव्हे. पुरावा एका बाजूला झुकतो. निकालपत्र मात्र कुणी वाचत नाही. प्रेक्षकांचे दोन तट पडले ते इथेच. पहिला तट पुरावे मांडत राहिला. दुसऱ्याचे म्हणणे, दाखवले नाही ते घडले नाही. टोनी आयुष्यभर दाराकडे पाहत जगेल आणि तीच त्याची शिक्षा. आणखी काहींनी तर असे सुचवले की मेला तो प्रेक्षकच. गोष्ट पाहणारा डोळाच मिटवला गेला.

निर्मात्याचा जबाब

खटल्यात शेवटी कर्त्यालाच साक्षीला बोलवावे लागते. ‘स्टार-लेजर’ हे न्यू जर्सीचे वर्तमानपत्र. टोनी बाथरोब घालून अंगणातून उचलतो तेच. त्याचे टीव्ही समीक्षक ॲलन सेपिनवॉल यांच्याशी चेस लगेच बोलला, पण ते जे आहे त्याचा खुलासा करण्यात किंवा त्यात भर घालण्यात आपल्याला रस नाही एवढेच त्याने सांगितले. त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलाखतीत त्याने प्रेक्षकांवर ठपका ठेवला : ज्या माणसाच्या चोऱ्या आणि खून तुम्ही इतकी वर्षे मिटक्या मारत पाहिलेत, त्याचाच रक्ताने माखलेला अंत पाहायला आता एवढे अधीर का?

२०१४ साली चित्रपट-अभ्यासक मार्था नोचिमसन यांच्या लेखात टोनी मेलेला नाही असे उत्तर चेसच्या तोंडी आले; लगोलग त्याच्या वतीने निवेदन निघाले की बोलण्याचा विपर्यास झाला आहे आणि जगणे-मरणे हा मुद्दाच नाही. २०१५मध्ये दिग्दर्शकांच्या संघटनेच्या नियतकालिकात त्याने हा प्रसंग एकेका दृश्यानिशी उलगडला. आयुष्य थोडे आहे, शेवट आज ना उद्या यायचाच, तरी मध्ये जे लागेबांधे जुळतात ते मोलाचे, असा त्याचा सूर होता. २०१९च्या एका पुस्तकातल्या संभाषणात बोलण्याच्या ओघात ‘मृत्यूचा प्रसंग’ असे शब्द त्याच्या तोंडून निसटले आणि मुलाखतकारांनी ते तिथेच पकडले.

हे जबाब एकमेकांशी जुळत नाहीत. पण लोक सात, आठ, बारा वर्षे एकाच माणसाला तोच प्रश्न विचारत राहिले, यातच उत्तरापेक्षा मोठी बातमी आहे. पुरावे पुरेसे असूनही लोकांना चैन नव्हते. त्यांना कुणाच्या तरी तोंडून निकाल ऐकायचा होता.

निकाल दिला तर?

मग निकाल दिला असता तर प्रश्न मिटला असता का? पुढच्या काळातली दोन उदाहरणे तसे सांगत नाहीत.

२९ सप्टेंबर २०१३ रोजी ‘ब्रेकिंग बॅड’ संपली. अमली पदार्थांच्या धंद्यात उतरलेला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट सगळे हिशेब चुकते करतो : मुलांसाठी पैशांची सोय, शत्रूंचा खातमा, शागिर्दाची सुटका, बायकोजवळ कबुली, आणि शेवटी स्वतःचा मृत्यू. एकही धागा लोंबकळत राहत नाही. पुष्कळांना ते भावले. पण ‘द न्यू यॉर्कर’च्या समीक्षक एमिली नुसबाउम यांना हा शेवट इतका सोयीचा वाटला की बर्फाने झाकलेल्या मोटारीत वॉल्टर आधीच मेला आणि पुढचे सारे त्याचे मरतानाचे स्वप्न, असे असते तर बरे झाले असते, असे त्यांनी लिहिले. तसे काही नाही, हे मालिकेचा निर्माता व्हिन्स गिलिगनला नंतर सांगावे लागले. काळ्या पडद्यामागे लोकांनी निकाल शोधला. निकाल मिळाला तेव्हा त्यामागे काळा पडदा शोधला.

त्याच्या आठवडाभर आधी ‘डेक्स्टर’ संपली होती. खुन्यांचे खून करणारा हा नायक बहिणीचा देह समुद्राला देतो, वादळात बेपत्ता होतो आणि शेवटी दूरच्या जंगलात लाकूडतोड्या म्हणून जगताना दिसतो. प्रेक्षक इतके नाराज झाले की तो शेवट वाईट शेवटाचे ठरलेले उदाहरण बनला. २०२१-२२मध्ये मालिका परत आली आणि डेक्स्टरला त्याच्याच मुलाकरवी गोळी घालण्यात आली. २०२५मध्ये आणखी एक मालिका आली आणि तो वाचला असल्याचे कळले. फिरवता येणारा निकाल हा निकाल राहत नाही, ती तारीख होते.

दार कुणी लावायचे?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चेसचा ठपका मला अर्धाच पटतो. प्रेक्षकाला रक्त पाहायची हौस होती म्हणून तो चिडला असे मानणे म्हणजे त्याला फार स्वस्तात मोडीत काढणे. शहाऐंशी भाग आपण एका खुन्याच्या घरात राहतो. त्याच्या विनोदांना हसतो, त्याच्या मुलांची काळजी करतो, त्याला भोवळ आली की आपल्या पोटात गोळा येतो. त्याने गळा आवळून माणूस मारला तरी पुढच्या रविवारी आपण हजर असतो. या जवळिकीचे ओझे मनावर साठत जाते. शिक्षा झाली की ते उतरते. दुष्टाला शासन झाले, आपण नुसते पाहणारे होतो, असे म्हणून मोकळे होता येते. मला वाटते, प्रेक्षकांना टोनीचा मृत्यू जितका हवा होता तितकीच स्वतःची सुटकाही हवी होती.

आणि मालिकेने तो मार्ग एक आठवडा आधी दाखवला होता. शेवटून दुसऱ्या भागात डॉ. मेल्फी एक अभ्यास वाचतात : निर्ढावलेल्या गुन्हेगाराला मानसोपचाराने सुधारता येत नाही, उलट तो त्यातून लोकांना फसवण्याची कला घोटून घेतो. पहिल्या भागापासून टोनीचे ऐकून घेणाऱ्या, त्याच्याविषयी घृणा आणि ओढ दोन्ही वाटणाऱ्या या बाई आपल्याच प्रतिनिधी. प्रतीक्षाकक्षातल्या मासिकाचे पाककृतीचे पान टोनीने फाडून नेले, हे किरकोळ निमित्त त्या उकरून काढतात, उपचार थांबवतात आणि त्याच्या तोंडावर दार लावतात. तो गोंधळतो, चिडतो, निघून जातो. गोळी नाही, न्यायाधीश नाही. एका साक्षीदाराने एवढेच ठरवले की आता पुरे.

आपण मात्र दार लावले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बसलो, आणि निकाल दुसऱ्या कुणी तरी द्यावा याची वाट पाहू लागलो. तो आला नाही. आले ते दहा सेकंद, ज्यांत पडद्यावर टोनी नव्हता. आपल्या खोलीचे अंधुक प्रतिबिंब तेवढे काचेत होते. चेसला श्रेयनामावलीच्या अखेरपर्यंत तो काळोख ताणायचा होता, पण नावे गाळायला दिग्दर्शकांच्या संघटनेने परवानगी दिली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या भागाच्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला.

टोनीची भूमिका करणारा जेम्स गँडॉल्फिनी १९ जून २०१३ रोजी रोममध्ये वारला. मार्च २०२४मध्ये ‘हॉल्स्टेन्स’च्या मालकांनी नूतनीकरणाआधी ते टेबल आणि बाके लिलावाला काढली तेव्हा ८२ हजार ६०० डॉलर किंमत आली. इतके पैसे मोजून माणसे त्या टेबलाशी बसू पाहतात, ती केवळ हौस म्हणून नसावी. तिथे एक काम अपुरे राहिले आहे आणि ते आपल्यावर सोपवले गेले आहे, हे त्यांना कुठे तरी जाणवत असावे. ज्याच्यावर आपला जीव जडला त्याने केलेले खून आपण कोणत्या खात्यात मांडायचे, हा प्रश्न टोनीच्या मरण्याने सुटला नसता. फक्त त्याचा विसर पडला असता. काळ्या पडद्याने तो विसर पडू दिला नाही, आणि लोकांना सर्वांत जास्त राग आला तो त्याचाच.